नगरपरिषद ते महानगरपालिका : संस्थांतर आणि समूहमन

पनवेल नगरपरिषदेची पनवेल महानगरपालिका झाली ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी. कायद्याच्या लेखी हे रूपांतर एका दिवसाचे आहे, कारण आदल्या दिवसापर्यंत १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार चालणारा कारभार त्या दिवसापासून महानगरपालिका अधिनियमाखाली आला, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आले, आणि ज्या एकोणतीस गावांत ग्रामपंचायतीचा कारभार होता तेथील सरपंचपद, ग्रामसभा आणि ग्रामपंचायतीचे दप्तर यांचे अस्तित्व संपले. संस्थेच्या लेखी हेच रूपांतर कित्येक वर्षे चालू राहिले आणि त्याचे काही भाग अजूनही पूर्ण झाले आहेत असे म्हणता येत नाही. संस्थेत बदल घडवून आणताना माणसांचे गट कसे वागतात, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. तो समजून घेण्यासाठी परदेशातील कारखान्यांपासून सुरुवात करण्याची गरज नाही, कारण या विषयाचे जवळपास सगळे प्रश्न रायगड जिल्ह्याच्या या पहिल्या महानगरपालिकेत एकाच वेळी उभे राहिलेले दिसतात.

पनवेलची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने रहिवाशांची तशी इच्छा असल्यास गावाला नगरपालिका स्थापन करण्याची मुभा दिली, आणि दोनच वर्षांत घाटाच्या वाटेवरील या बाजारपेठेने तिचा उपयोग करून घेतला. एवढ्या जुन्या संस्थेला स्वतःची रीत असते, ती कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही आणि म्हणूनच अधिसूचनेने रद्दही होत नाही. २०१६ मध्ये या संस्थेला जोडले गेले ते दोन अगदी वेगळ्या रीतींचे प्रदेश : एकीकडे तालुक्यातील गावे, आणि दुसरीकडे खारघर, कामोठे, कळंबोली यांसारख्या सिडको या राज्य शासनाच्या शहर-नियोजन महामंडळाने वसवलेल्या वसाहती, ज्यांतील बहुसंख्य रहिवासी मुंबई, ठाणे किंवा देशावरून आलेले आणि पनवेल गावाशी फारसा संबंध नसलेले होते. २०११ च्या जनगणनेनुसार नगरपरिषदेची लोकसंख्या एक लाख ऐंशी हजारांच्या घरात होती, तर त्याच जनगणनेच्या हिशेबाने महानगरपालिकेची सुमारे पाच लाख भरली. म्हणजे जुन्या संस्थेत नवे लोक सामावून घेतले गेले असे म्हणण्यापेक्षा, तिच्या जवळजवळ दुप्पट जनसमूह तिच्या अंगावर आला असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करून पुढे जाणे सोयीचे होईल. संस्थेची औपचारिक रचना म्हणजे पदांची उतरंड, अधिकारांची वाटणी, नियम आणि कागदोपत्री ठरलेली कामे. अनौपचारिक रचना म्हणजे त्याच संस्थेत माणसांनी आपापसांत उभी केलेली नाती, सवयी, सोयी आणि अलिखित दंडक, ज्यांना समाजशास्त्रात समूहनियम म्हणतात. कोणत्या टेबलावर फाईल किती दिवस राहणे रास्त समजले जाते, कोणत्या साहेबांना आधी तोंडी सांगून मगच लेखी द्यायचे, एखाद्या सहकाऱ्याने गरजेपेक्षा जास्त उत्साह दाखवला तर त्याला कोणत्या शब्दांत आवरायचे, हे सगळे समूहनियमच होत. बदल घडवणारे बहुतेक आदेश औपचारिक रचनेला उद्देशून लिहिलेले असतात, आणि ते अडतात बहुधा दुसऱ्या रचनेत.

या दुसऱ्या रचनेचा शास्त्रीय शोध ज्या अभ्यासातून लागला तो शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झाला. त्याच्या शेवटच्या टप्प्यात टेलिफोनच्या यंत्रणेच्या तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांचे एका स्वतंत्र खोलीत काही महिने निरीक्षण करण्यात आले. जास्त काम केल्यास जास्त वेतन मिळण्याची व्यवस्था असूनही या चौदा जणांनी दिवसाचे रास्त काम किती हे आपसांत ठरवले होते, त्याहून जास्त करणाऱ्याला आणि फारच कमी करणाऱ्याला सारख्याच टोमण्यांना तोंड द्यावे लागे, आणि साहेबाकडे चुगली करणारा तर गटातून उठलाच. व्यवस्थापनाला हा आळस वाटला असता, पण त्यामागे एक हिशेब होता : उत्पादन वाढले की दर कमी होतील किंवा माणसे कमी होतील, ही मंदीच्या दिवसांतली भीती. तो हिशेब बरोबर होता की चूक, हा प्रश्न येथे गौण आहे. तो एकेका कामगाराचा नसून गटाचा होता आणि गटाने तो शिस्तीने पाळला, ही गोष्ट महत्त्वाची.

पनवेलच्या रूपांतरात असे गट किती होते याचा विचार केला तर निदान चार दिसतात. पहिला गट जुन्या नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांचा. दुसरा ग्रामपंचायतींकडून आलेल्या कर्मचाऱ्यांचा, ज्यांच्यात पाणी सोडणारा, घरपट्टीची पावती फाडणारा आणि दाखल्यासाठी आलेल्या माणसाला ओळखणारा कर्मचारी पुष्कळदा एकच असतो. तिसरा शासनाकडून प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळ सेवा कायम ठेवून ठरावीक मुदतीसाठी, आलेल्या अधिकाऱ्यांचा. आणि चौथा कंत्राटी कामगारांचा, ज्यांच्यासाठी संस्था बदलली तरी मस्टर भरणारा ठेकेदार हाच खरा मालक. या चारही गटांच्या दृष्टीने महानगरपालिका हा शब्द एकच असला तरी प्रसंग चार होते. जुन्या कर्मचाऱ्याला बढतीची पायरी दिसत होती आणि त्याच वेळी बाहेरून आलेला अधिकारी त्या पायरीवर बसलेला दिसत होता. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला कायम नोकरीची आशा होती, पण त्याची शैक्षणिक पात्रता, मूळ नेमणुकीची पद्धत आणि सेवाज्येष्ठता यांची छाननी होऊन आकृतिबंधात, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या आराखड्यात, जागा मिळेपर्यंत ती आशा टांगलेलीच राहणार होती.

असंतोषाचा उगम अशा वेळी पगाराच्या आकड्यात शोधला जातो, आणि तेथे तो अनेकदा सापडत नाही. सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांचा जो अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ज्या दलात बढत्या भराभर मिळत तेथील सैनिक बढतीच्या पद्धतीवर अधिक नाराज आढळले, आणि जेथे बढती दुर्मीळ होती तेथील लष्करी पोलीस तुलनेने समाधानी. कारण सैनिक स्वतःची तुलना आपल्या शेजाऱ्याशी करत होते, सगळ्या सैन्याशी नव्हे. या अवस्थेला सापेक्ष वंचना म्हणतात : आपल्याला किती मिळाले यापेक्षा ज्याच्याशी आपण स्वतःला ताडून पाहतो त्याच्या मानाने किती मिळाले, यावरून येणारी उणिवेची जाणीव. दोन संस्था एकत्र आल्या की तुलनेचा शेजारी रातोरात बदलतो. काल जो ग्रामपंचायतीचा लिपिक आपल्या गावात साहेब होता तो आज नगरपरिषदेच्या लिपिकाच्या शेजारच्या खुर्चीत बसतो, आणि कामे सारखी असून वेतन वेगळे असल्याचे त्याला रोज दिसते. ही वेदना रूपांतराच्या अहवालात कोठेही नोंदली जात नाही, पण खिडकीवर उभ्या राहिलेल्या नागरिकाला तिचा चटका बसतो.

बदलाच्या प्रक्रियेचा पहिला नीट सिद्धांत मांडला तो कुर्ट लेविन या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मानसशास्त्रज्ञाने, १९४७ मध्ये, आपल्या मृत्यूच्या वर्षी. त्याच्या मते समूहाची कोणतीही सवय म्हणजे स्थिर वस्तू नसून दोन बाजूंच्या दाबांचा तोल असतो : काही दाब बदलाकडे ढकलतात, काही त्याला रोखून धरतात. तो तोल हलवायचे दोन मार्ग. ढकलणारा दाब वाढवला तर सवय सरकते, पण रोखणारा दाब तसाच राहिल्याने ताण वाढतो, चिडचिड वाढते आणि दाब कमी होताच सवय मूळ जागी येते. रोखणारी कारणे कमी केली तर तीच सवय कमी ताणात सरकते. साधा वाटणारा हा भेद शासकीय व्यवहारात क्वचितच ध्यानात घेतला जातो, कारण दंड, मुदत आणि नोटीस ही ढकलण्याची साधने हाताशी तयार असतात, आणि रोखणारी कारणे शोधायची तर लोकांचे ऐकत बसावे लागते.

लेविनचाच एक प्रयोग या संदर्भात सांगण्यासारखा आहे, जरी तो व्याख्यानमालांच्या दृष्टीने थोडा अडचणीचा असला तरी. युद्धकाळात मांसाचा तुटवडा असताना अमेरिकन गृहिणींनी काळीज, मूत्रपिंड यांसारखे नावडते भाग स्वयंपाकात वापरावेत असा प्रयत्न चालला होता. काही गटांना त्याचे महत्त्व आकर्षक व्याख्यानातून पटवून देण्यात आले, काही गटांत त्याच माहितीवर चर्चा घडवून शेवटी हात वर करून निर्णय घेण्यात आला. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी केवळ तीन टक्के, तर चर्चा केलेल्यांपैकी बत्तीस टक्के स्त्रियांनी ते पदार्थ प्रत्यक्ष केले होते. व्याख्यात्यांनी याचा विषाद मानण्याचे कारण नाही. तरीही एखादी माहिती ऐकून माणूस बदलतो यापेक्षा आपल्या माणसांच्या देखत आपण काही ठरवले म्हणून बदलतो, हे त्यावरून मान्य करावे लागते.

लेविनच्या विद्यार्थ्यांच्या पिढीने हा धागा कारखान्यात नेला. व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन गावी हारवुड कंपनीच्या पायजमे शिवण्याच्या कारखान्यात कामाची पद्धत बदलली की शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया काम सोडून जात किंवा त्यांचा वेग महिनोन्‌महिने पूर्ववत होत नसे. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला बदल फक्त सांगण्यात आला, एका गटाच्या प्रतिनिधींना तो आखण्यात सहभागी केले, आणि आणखी दोन गटांत सगळ्याच कामगार स्त्रियांना सहभाग दिला. पहिल्या गटात कामाचा वेग घसरला तो सावरला नाही, तक्रारी सुरू झाल्या आणि चाळीस दिवसांत सतरा टक्के कामगारांनी काम सोडले. सगळ्यांचा सहभाग असलेले गट थोड्याच दिवसांत सावरून पूर्वीच्या वेगापेक्षाही सुमारे चौदा टक्के पुढे गेले. या प्रयोगाचा फारसा न सांगितला जाणारा उत्तरार्ध अधिक बोलका आहे : पहिल्या गटातल्या उरलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांनी पुन्हा नव्या कामावर घेऊन या वेळी पूर्ण सहभाग दिला गेला, तेव्हा त्याही इतरांसारख्याच लवकर सावरल्या. हट्टी ठरवलेली माणसे तीच होती. फरक पडला तो बदल त्यांच्यापर्यंत ज्या रीतीने आला तिच्यामुळे.

या निष्कर्षावर व्यवस्थापनशास्त्राने इतका आनंद मानला की सहभाग हा मंत्र झाला. फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात हा प्रयोग पुन्हा केला, त्याचे निष्कर्ष १९६० मध्ये आले, आणि तेथे सहभागाचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. कारण तेथील कामगारांच्या मते व्यवस्थापनाशी बोलण्याचा न्याय्य मार्ग त्यांच्या संघटनेमार्फतचा होता. साहेबाने बोलावलेल्या बैठकीत मत देणे त्यांना सहभाग वाटलेच नाही. सहभाग म्हणजे बैठकांची संख्या नव्हे. ज्या मार्गाने बोलणे गटाला आपले वाटते त्या मार्गाने बोलता येणे, हा त्याचा गाभा आहे.

नेमक्या याच ठिकाणी पनवेलचे रूपांतर कमी पडले, असे म्हणावे लागते. गावांमध्ये ग्रामसभा हा गटाला आपला वाटणारा मार्ग होता. त्या सभेत गोंधळ होत असेल, एकाच घराण्याचा वरचष्मा असेल, तरीही विषयपत्रिकेवर बोलण्याचा कायदेशीर हक्क प्रत्येक मतदाराला होता. तो मार्ग ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद झाला, आणि त्याच्या जागी येणारा नगरसेवक २४ मे २०१७ च्या निवडणुकीनंतर, अठ्ठ्याहत्तर जणांच्या सभागृहात, एका विस्तीर्ण प्रभागाच्या तीन किंवा चार प्रतिनिधींपैकी एक म्हणून आला. मधल्या आठ महिन्यांत, म्हणजे नवी संस्था आकार घेत असताना आणि तिच्या सवयी मुळात ठरत असताना, लोकनियुक्त प्रतिनिधी नव्हतेच. निवडून आलेल्यांमध्येही अनेकांची घडण नगरपरिषदेच्या किंवा पंचायतीच्या पद्धतीत झालेली होती, जेथे अध्यक्षाच्या किंवा सरपंचाच्या शब्दाला अंमलबजावणीत वजन असते. महानगरपालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आणि महापौरपद बरेचसे मानाचे, ही रचना त्यांना नवी होती. पहिल्या निवडणुकीला वर्षही होण्याआधी, मार्च २०१८ मध्ये, सर्वसाधारण सभेने आयुक्तांविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर केला. त्या वादाचे गुणदोष बाजूला ठेवले तरी दोन गट एकाच संस्थेच्या दोन वेगळ्या कल्पना घेऊन समोरासमोर आले होते, एवढे त्यावरून दिसते. जुलै २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि कारभार पुन्हा प्रशासकाकडे गेला. पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जन्मानंतरच्या पहिल्या नऊ वर्षांपैकी साधारण चार वर्षे ही संस्था सभागृहाविना चालली.

गावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे आधीच्या बदलाची आठवण. समूहाला स्मृती असते आणि नवा बदल तो जुन्याच्या हिशेबाने मोजतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. वाढत्या कुटुंबांनी गावठाणाच्या बाहेर बांधलेली, ज्यांना येथे गरजेपोटीची घरे म्हणतात ती घरे नियमित होण्याचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. अशा गावात महानगरपालिका आली की गावकऱ्याला प्रथम आठवण होते ती हातोड्याची आणि कराची. त्याला विकासाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने त्या गावाचा इतिहास वाचलेला नसतो.

कराच्या प्रश्नात वसाहती आणि गावे एकाच बाजूला आली, हे पनवेलचे वैशिष्ट्य. सिडको वसाहतींतील रहिवासी रस्ते, गटारे, दिवे यांसाठी सिडकोला सेवाशुल्क देत होते आणि सिडकोकडच्या सेवा महानगरपालिकेकडे टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होत होत्या. मालमत्ता कराची देयके प्रत्यक्ष हातात पडली ती २०२१ मध्ये, आणि ती ऑक्टोबर २०१६ पासूनची. ज्या वर्षांत सेवा दुसऱ्याच संस्थेकडून घेतली आणि तिचे पैसेही दिले, त्या वर्षांचा कर पुन्हा का, असा सवाल गृहनिर्माण संस्थांच्या संघटनांनी उभा केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कायदेशीर बाजू न्यायालयाने पाहायची. समूहवर्तनाच्या दृष्टीने मात्र क्रम चुकला होता. आधी संस्था, मग पाच वर्षांचे मौन, मग एकत्रित देयक, आणि शेवटी स्पष्टीकरण. याहून जास्त प्रतिकार निर्माण करणारा क्रम आखणे कठीण आहे. ओळखदेखही नसलेल्या सोसायट्यांना एका समूहात बांधण्याचे जे काम कोणत्याही नागरी उपक्रमाला जमले नव्हते, ते या देयकांनी करून दाखवले.

थकलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंडाची आकारणी, लागत जाते. हा लेविनच्या भाषेत ढकलणारा दाब. २०२५ मध्ये शास्तीत मोठी सूट देणारी अभय योजना महानगरपालिकेने आणली, तेव्हा रोखणारे एक कारण दूर झाले आणि भरणा करणाऱ्यांची वाट मोकळी झाली, हे खरेच. परंतु समूहाने त्यातून आणखी एक धडा घेतला असण्याची शक्यता नाकारता येत नाही : वेळेवर भरणारा भाबडा ठरतो आणि थांबणाऱ्याला सवलत मिळते. एकदा हा समूहनियम रुजला की पुढच्या प्रत्येक देयकाच्या वेळी लोक अभयाची वाट पाहतील. सवलतीला विरोध नाही. ती देताना वेळेवर भरणाऱ्याचा मान ठळकपणे राखला नाही तर तिची किंमत वसुलीच्या आकड्यापेक्षा मोठी होते.

बदल माघारी फिरू शकतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेतील सत्तावीस गावे १९८३ मध्ये तिच्यात आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली आणि २०२० मध्ये त्यांतली अठरा पुन्हा बाहेर काढण्याचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पुण्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये महानगरपालिकेत घेतली गेली आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. लेविनने बदलाचा तिसरा टप्पा सांगितला होता तो नवी सवय पक्की करण्याचा. जेथे दुसरा, म्हणजे प्रत्यक्ष बदलाचा टप्पाच आदेशाने उरकला जातो तेथे तिसऱ्याला जमीनच मिळत नाही.

नव्या रचना टिकवणे किती अवघड असते याचा भारतीय पुरावा अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये मिळतो. तेथे १९५३ मध्ये संशोधक ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांवर कामगारांच्या छोट्या स्वयंशासित गटांची कल्पना मांडली, तेव्हा कामगारांनीच ती उचलून गटांची रचना बसवली, उत्पादन वाढले आणि कापडातील दोष घटले. १९७० मध्ये त्याच गिरणीची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा एका ठिकाणी ती पद्धत टिकून होती आणि इतरत्र बाजाराच्या व व्यवस्थापनाच्या दाबाखाली जुनी उतरंड परतली होती. सुरुवात कामगारांच्या मनातून झालेली असूनही हे घडले. तेव्हा जी सुरुवात मंत्रालयातील अधिसूचनेतून होते तिला रोजच्या जपणुकीची गरज किती अधिक असेल, हे वेगळे सांगायला नको.

पनवेलच्या आसपास अशी सुरुवात पुन्हा होण्याची चिन्हे आहेत. जानेवारी २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळ प्रभावित अधिसूचित क्षेत्र, म्हणजे नैना, जाहीर झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. नैनातील पनवेल तालुक्याच्या गावांत आज ग्रामपंचायती आहेत आणि त्या फार काळ तशाच राहतील असे मानायला आधार नाही. तेथे अधिसूचना निघण्याआधी तीन कागद ग्रामसभेपुढे ठेवले जावेत : कर्मचाऱ्यांच्या समावेशनाची आणि सेवाज्येष्ठतेची यादी, आजची घरपट्टी आणि उद्याचा मालमत्ता कर यांची घरागणिक तुलना, आणि कोणती सेवा कोणत्या तारखेपासून कोण देणार याचे वेळापत्रक. हे काम शासनाचे आहे. पण ते होत नसेल तर तशी मागणी करण्याचा हक्क ग्रामसभेला आजही आहे, आणि ती ग्रामसभा अस्तित्वात असेपर्यंतच तो बजावता येणार आहे.